उदेभानाची बाजू

जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ चित्रपट उत्तर प्रदेशात करमुक्त झाला आणि लखनौच्या धुक्यात, मफलर गुंडाळून, आमच्या अमौसीची माणसं मावळे बघायला निघाली. या विमानतळाकाठच्या वस्तीत कोंढाणा, म्हणजे आपला सिंहगड, कुणाला ठाऊक? तरी मंडळी पहिल्या लढाईलाच रंगली. श्रावणात ढोलकावर आल्हा ऐकणाऱ्यांना, महोब्याचा ऊदल एकटा फौजा कापतो हे मान्य असणाऱ्यांना, पोवाडा समजावून सांगावा लागत नाही.

कुरकुर केली ती आम्ही मराठी लोकांनी. नागीण तोफ कुठली काढली? सिंहगडावरून राजगड दिसतो खरा, पण गोळा तिथवर कसा जाईल? आणि सैफ अली खानचा तो क्रूर, खदखदा हसणारा उदेभान! इतिहासातला उदेभान राठोड म्हणजे मोगलांचा रजपूत किल्लेदार. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गड लढवताना पडला, एवढंच.

पण सगळा दोष पडद्याच्या माथी का? ॲक्वर्थ आणि शाळिग्रामांनी १८९१ साली छापलेल्या संग्रहात तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे. त्यातला उदेभान एका बैठकीला गाई-मेंढ्या फस्त करतो. अठरा बायका, चंद्रावळी हत्ती, दिमतीला सिद्दी हिलाल. रजपूतपण शाहिरानं केव्हाच पुसून टाकलंय. नायक कड्याएवढा करायचा तर समोर राक्षसच हवा. सैफनं फार तर सुरमा घातला.

मला खरी ओढ शेलारमामाची. ऐंशीचा म्हातारा, भाचा तानाजी पडल्यावर तलवार उचलणारा. बाबूराव पेंटरांच्या १९२३ च्या मूक ‘सिंहगड’मध्ये हा मामा रंगवला कुणी, तर विशीतल्या व्ही. शांतारामांनी! दहा वर्षांनी त्यांनीच तो बोलपट म्हणून केला. दर पिढीला हा गड नव्यानं चढावासा वाटतो.

शेजारचे ठाकूरसाहेब मात्र चित्रपट पाहून घुश्श्यात होते. “राठौड़ था न? क़िला बचाते हुए मरा. फिर राक्षस कैसे?”

मी तुळशीदासाचं नाव पुढे केलं. गाई खाल्ल्याचं ऐकून ते आणखीच भडकले. मग मी विचारलं, तुमच्याकडे उदेभानावर कुणी आल्हा रचलाय का?

“रचना चाहिए था,” म्हणाले, आणि मुलाला चहा टाकायला सांगितलं.