मागच्या रांगेतला वादक

ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम संपला की माणसे गायिकेच्या आवाजाची तारीफ करतात, ऑक्टोपॅडवाल्याच्या हाताचे कौतुक करतात आणि निवेदकाचे विनोद एकमेकांना सांगत घरी जातात. 'आज बेस गिटार छान वाजली' असे म्हणणारा रसिक मला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत क्वचितच भेटला. ते साहजिकच आहे. पण अलीकडे वस्तीतली मुले विचारू लागली आहेत, "काका, बेस गिटार शिकू का? कुठली घेऊ?" त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील येतात, "एवढे पैसे घालायचे, पण पुढे त्याचे काय?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा आपला अनुभव सर्वांपुढे ठेवावा, म्हणून हे चार शब्द.

आधी हे वाद्य काय करते ते सांगतो. तबल्याची जोडी डोळ्यांपुढे आणा. डग्गा बाजूला काढला तर नुसता तबला टकटक करतो, गाण्याला वजन राहत नाही. ऑर्केस्ट्रात तेच वजन बेस गिटार देते, आणि तेही स्वरात देते. ताल आणि सूर यांना बांधणारी ती दोरी आहे. साध्या गिटारला सहा तारा, हिला बहुधा चार, पण जाड. त्यातल्या सर्वांत जाड तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसवर चाले. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी खांद्याला अडकवता येणारी, पडदे बसवलेली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन'. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात ती चांगलीच रुळली. राहुल देव बर्मन यांची गाणी आपण आजही गुणगुणतो, पण त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती जणांना ठाऊक आहेत?

माझी पहिली बेस १९९१ सालची. माझगावच्या एका वयस्कर गोवेकर वादकाकडून ती मी जुनी विकत घेतली. त्यांना सगळे अंकल म्हणत, मीही म्हणे. वाद्य कोलकात्याला बनलेले. त्या काळी परदेशी वाद्य आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हते; ते दुकानाच्या काचेआडून पाहायचे. पावसाळा लागला की माझ्या गिटारची दांडी हवेतल्या ओलाव्याने वाकायची, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जायच्या आणि बोटांना फोड यायचे. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. ती पाव फेरा पिळून दांडी सरळ कशी करायची, हे अंकलनी मला पहिल्याच महिन्यात शिकवले. "वाजवणं नंतर, आधी वाद्य सांभाळणं," असे ते म्हणत.

तारांचा संच महाग पडे. घाम आणि मळ साचला की जाड तारेचा आवाज बसतो. त्यावर जुन्या वादकांचा एक घरगुती उपाय आहे : तारा उतरवून पातेल्यात पाण्यात उकळायच्या. मळ निघतो आणि आवाज काही दिवस पुन्हा उघडतो. आमच्या घरी त्यासाठी वेगळे पातेले होते. माझी आई पाहुण्यांना बजावत असे, "त्या पातेल्याला हात लावू नका, त्यात गिटार शिजते."

मुले विचारतात, महागडी घेऊ का? माझे उत्तर असे, की आपले काम कुठे अडते ते आधी पाहा आणि त्यावर पैसा घाला. माझे काम अडले ते पट्टीवर. मूळ गाणे पांढरी तीनमध्ये असते. गायकाचा घसा बसलेला असतो. तो मंचावर चढता चढता सांगतो, "दादा, काळी दोन घ्या." कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि त्याची पट्टी उतरते. त्याची बोटे होती तिथेच राहतात. मला मात्र सगळे गाणे हातावर सरकवावे लागते. शिवाय चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर पांढरी तीनचाच. त्याच्या खाली दांडीच संपते. मग खालचा स्वर वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याचा तळ निघून जातो. म्हणून दहा वर्षांपूर्वी मी पाच तारांची बेस घेतली. पाचवी तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत खाली जाते. आता गायकाने काळी दोन मागो की पांढरी एक, माझ्या हाताखाली जमीन असते. ही पाचवी तार मी शोभेसाठी घेतलेली नाही, ती दुसऱ्यांच्या घशासाठी आहे!

दुसरी निवड बॅटरीची. काही बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. आवाज कमीजास्त करण्याची सोय त्यात चांगली मिळते, पण वायर लावलेली राहिली की बॅटरी उतरत राहते. रात्री अकरा वाजता एखाद्या गावात नवी बॅटरी कुठे शोधणार? म्हणून माझ्या गिटारमध्ये बॅटरी नाही. तिसरी निवड ओझ्याची. गिटार चार-साडेचार किलोची. तिच्याबरोबर अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर घेऊन शेवटच्या लोकलमध्ये चढणे कसे असते, ते माझ्या पाठीला विचारा. आता मी एक लहानशी डी. आय. पेटी पिशवीत ठेवतो. गिटारचा नाजूक सिग्नल ती लांब वायरीतून मिक्सरपर्यंत नीट पोहोचवते. मांडवातल्या जनरेटरमुळे आणि कच्च्या अर्थिंगमुळे जी घरघर येते, ती बहुतेक वेळा तिच्यावरच्या एका बटणाने थांबते. खिशाला सर्वांत हलकी पण सर्वांत उपयोगी अशी ही वस्तू आहे.

पण मिक्सरपर्यंत सिग्नल पोहोचला म्हणजे सगळे झाले असे नाही. मिक्सरवर साउंडवाला बसलेला असतो. हल्ली बेस म्हणजे डीजेच्या गाडीवरचा, छातीत धडधडणारा आवाज, अशीच समजूत झाली आहे. मी म्हणतो, "भाऊ, बेस कमी कर आणि मिड वाढव." तो माझ्याकडे वेड्यासारखा पाहतो. पण त्यामागे कारण आहे. खालचे स्वर आपल्या कानाला मुळातच मंद ऐकू येतात. ते मोकळ्या मैदानात पोहोचवायला पुष्कळ ताकद आणि मोठे स्पीकर लागतात. दहा इंचांच्या स्पीकरला ४१ कंपनांचा स्वर पेलवत नाही. तो नुसता फडफडतो. मात्र तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही निघतात. तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, तो याच न्यायाने. हे वरचे स्वर स्वच्छ ऐकू आले की मूळ स्वराची उणीव आपला कान आपण होऊन भरून काढतो. म्हणून लहान स्पीकरवर मिड वाढवायचा. हे ज्यांना पटते त्या साउंडवाल्यांशी माझी आजही दोस्ती आहे.

आता वैतागाच्या गोष्टी. आमचे काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेली गाणी वाजवायची. लोकांना ती रेकॉर्डसारखी जशीच्या तशी हवी असतात. २०१६ सालच्या 'सैराट'मधल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या स्टुडिओत मोठा ताफा बसवून झाले. ती गाणी आम्ही सहाजण एका मांडवात वाजवतो आणि समोरून चिठ्ठी येते, 'ओरिजिनलसारखे वाजवा'! त्यात वेळेचे गणित. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस तेवढे बाराची मुभा असते. नियम योग्यच आहे. लहान मुले, आजारी माणसे, परीक्षेची पोरे यांना झोप हवीच. पण सातचा कार्यक्रम सत्कार आणि भाषणे आटोपून नऊला सुरू होतो. मग पंचवीस गाणी तासाभरात बसवायची, कडवी कापायची, आणि कोणते कडवे कापले ते मला गायकाच्या ओठांकडे पाहून ओळखायचे.

सर्वांत मोठी खंत वेगळीच आहे. सुपारीचे पैसे कमी ठरले की पहिला हात आमच्यावर पडतो. "कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे की!" असे म्हणतात. आता तर ट्रॅक आले. मोबाइलमधून तयार संगीत सुरू करायचे आणि त्यावर गायचे. दोन वर्षांपूर्वी मी ज्या ग्रुपमध्ये वाजवतो, त्याच्या चालकांनी सांगितले, "तुमच्या पाकिटाच्या पैशांत लाइट येतात." मी वाद घातला नाही. पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांना मी नव्हतो. नंतर आमची गायिकाच एकदा म्हणाली, "दादा, ट्रॅक थांबत नाही हो. वन्स मोअर आला, लोक कडवं पुन्हा मागायला लागले, तरी तो पुढे पळतो. माझी ओळ चुकली तर तुम्ही सांभाळून घेता, तो नाही घेत." एवढे होऊनही चालकांचा हिशेब बदलला नाही. आज त्यांच्या सहा सुपाऱ्या असतील तर दोनच वेळा मला बोलावणे येते. घर माझ्या नोकरीवर चालले म्हणून निभावले. ज्यांचे पोट फक्त या वाद्यावर होते, असे माझे दोन सोबती आता रिक्षा चालवतात.

मग हे वाद्य शिकावेच कशाला? याचे एक उत्तर मला दर एप्रिलमध्ये मिळते. जयंतीच्या कार्यक्रमांत आम्ही जुन्या गायन पार्टीची गाणी घेतो. त्या काळी पार्टीत पेटी, ढोलकी, तबला, झांज असे. बेस गिटार नव्हतीच. म्हणजे तिथे मला कोणाची नक्कल करायची नसते. ढोलकीची डावी बाजू काय बोलते ते ऐकायचे, गायकाच्या शब्दाला कुठे टेकू हवा ते पाहायचे आणि आपला स्वर आपण ठरवायचा. वर्षभर दुसऱ्याचे वाजवणाऱ्या माणसाला हा मोकळेपणा किती मोलाचा असतो, ते त्यालाच कळते. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाया मान डोलावतात, तेव्हा त्या माझ्याकडे पाहत नसतात. पण त्यांची मान ज्या ठोक्यावर हलते, तो ठोका माझा असतो.

दुसरे उत्तर जेम्स जेमर्सन यांच्या आयुष्यात आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन कंपनीच्या अनेक गाजलेल्या गाण्यांत या कृष्णवर्णीय वादकाची बेस आहे. त्यांची साधने किती? एक प्रिसिजन बेस, तिच्यावर वर्षानुवर्षे न बदललेल्या तारा, आणि तारा छेडायला उजव्या हाताचे एक बोट! गाणी जगभर वाजली, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचे नाव नसे. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या रेकॉर्डवर ते ठळकपणे छापले गेले. १९८३ साली ते वारले आणि मोठा सन्मान मिळाला तो २००० साली. मोठे काम महाग साधनांवाचून होते, हे त्यांच्याकडून शिकावे. आणि केलेल्या कामावर आपले नाव लागावे यासाठी किती वाट पाहावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून मुलांना माझे सांगणे आहे. शिका, जरूर शिका. पहिले वाद्य जुने घेतले तरी चालेल, पण दांडी सरळ आहे ना ते जाणत्या माणसाला दाखवून घ्या. चार तारांवर हात बसू द्या, पाचवी नंतर. तबल्याचा किंवा ढोलकीचा ठेका आधी तोंडाने म्हणायला शिका. शिक्षण सोडू नका आणि हाताला दुसरे काम असू द्या. पाकीट किती, ते तालमीआधी ठरवा. आणि निवेदकाला आधीच सांगून ठेवा, की वादकांची ओळख करून द्याल तेव्हा सगळ्यांची नावे घ्या. मी हे गेली काही वर्षे नेमाने सांगतो. सुरुवातीला ते हसत, आता कागदावर लिहून घेतात.

आणि रसिकहो, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा एखाद्या गाण्यात गायकावरचे लक्ष दोन मिनिटे काढा आणि खालचा स्वर शोधा. एकदा सापडला की तो पुन्हा हरवत नाही. मग मागच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसासाठीही टाळी वाजवा. त्याला सवय नसल्यामुळे तो कदाचित इकडेतिकडे पाहील, पण टाळी त्याच्यापर्यंत पोहोचेल.