टिव्होली : भर थंडीतली दिव्यांची बाग

मुलांनो, दुपारी साडेतीन वाजता तुमच्यापैकी कितीतरी जण अजून वर्गातच असतात. घरी येऊन, दप्तर फेकून, काहीतरी खाऊन खेळायला पळालात तरी बराच उजेड शिल्लक असतो. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, डिसेंबरात हे सुख नाही. तिथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतोसुद्धा! सकाळी उगवतो तोही साडेआठच्या आसपास, आणि बऱ्याचदा ढगांआडूनच.

अशा काळोख्या दिवसांत, नाताळच्या आधीच्या एका शनिवार-रविवारी, मी आणि तुमचे काका तिथली टिव्होली बाग पाहून आलो. दोघंच. "मोठी माणसं पाळण्यात बसायला एवढ्या लांब गेली?" असं तुम्ही विचाराल. अहो, तिथे आमच्याहून मोठी माणसंच जास्त दिसली! काठी टेकत आलेले आजोबा-आजी बाकावर बसून गरम कोको पीत होते.

टिव्होली गावाबाहेर नाही. मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे बागच. १५ ऑगस्ट १८४३ला ती सुरू झाली तेव्हा मात्र ही जागा शहराच्या तटाबाहेर होती. पुढे शहर वाढलं, तट पाडले, आणि बाग आपोआप मध्यभागी आली. तटाभोवतीच्या खंदकाचा एक तुकडा अजून आत आहे. पाहणाऱ्याला वाटतं, किती छान तळं! ही बाग काढली गेऑर्ग कार्स्टेनसेन नावाच्या गृहस्थानं. लोक मौजमजेत असले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असं राजाला पटवून त्यानं परवानगी मिळवली म्हणे. मोठा चतुर माणूस!

त्याच वर्षी इथे आलेला एक पाहुणा तुमच्या ओळखीचा आहे. 'कुरूप बदकपिलू'वाला हान्स ख्रिश्चन अँडरसन. तेव्हा बागेत चिनी धाटणीची सजावट होती, आणि चीनच्या बादशहाची आणि नाइटिंगेल पक्ष्याची त्याची गोष्ट त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे १९५१मध्ये वॉल्ट डिस्ने इथे येऊन गेले. चार वर्षांनी अमेरिकेत त्यांचं डिस्नेलँड उघडलं.

टिव्होली पूर्वी फक्त उन्हाळ्यात उघडी असायची. नाताळचा हंगाम सुरू झाला १९९४पासून. शनिवारी संध्याकाळी (म्हणजे खरं तर दुपारीच!) आम्ही आत शिरलो, तेव्हा झाडाच्या फांदीफांदीवर बारीक दिवे होते आणि हवेत साखरेत परतलेल्या बदामांचा वास होता. थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला आहे की नाही, चाचपून पाहावं. सगळीकडे लाल टोपीवाले बुटके दिसत होते. त्यांना 'निसे' म्हणतात. नाताळात त्याच्यासाठी तांदळाची खीर ठेवायची, वर लोण्याचा गोळा. ठेवली नाही तर निसे घरात खोड्या काढतो, अशी तिथली जुनी समजूत. आणि एका दुकानात काय असावं? आप्पेपात्र! खळग्या-खळग्यांचं, हुबेहूब आपलं. त्यात करतात गोड, गोल, फुगलेले एब्लेस्कीवर, वर पिठीसाखर आणि बाजूला जॅम. नावात सफरचंद आहे, पण आत बहुधा नसतं. काकांनी एकावर थांबायचं ठरवलं होतं. मोजणी मी पाचनंतर सोडून दिली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते. बागेत ८० मीटर उंच फिरणारे पाळणे आहेत, उलटंपालटं करणारे नवे रोलर कोस्टरही आहेत. पण माझा जीव जडला तो १९१४ सालच्या लाकडी रोलर कोस्टरवर. खोट्या डोंगरातून आत-बाहेर धावणारी ही गाडी आहे, आणि गाडीवर चक्क एक ब्रेकवाला बसलेला असतो! आजकालच्या रोलर कोस्टरांचे ब्रेक रुळांवर बसवलेले असतात आणि यंत्रच ते सांभाळतं. इथे मात्र एक माणूस दांडा धरून असतो. गाडी आधी उंचावर ओढून नेतात. मग तिला इंजिन वगैरे काही नाही, उतारावर ती आपल्याच वजनानं सुटते. गाडीत माणसं किती, थंडीनं चाकांतलं वंगण घट्ट झालंय का, रूळ ओले की कोरडे, यावर तिचा वेग बदलतो. तो वेग ब्रेकवाल्याला ओळखावा लागतो. रविवारी आम्ही बसलो. उतारावर मी डोळे मिटणार होते, पण त्याच्या हाताकडे पाहत राहिले. त्यानं दांडा जरासा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. आपल्याकडे बैलगाडी उतारावर हाकणारा कासरा ओढतो-सोडतो ना, तसं. काका माझ्या शेजारी मोठ्यांदा ओरडत होते. आनंदानं, असं ते म्हणतात.

याच बागेवर एकदा फार वाईट रात्र आली होती. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४०पासून, डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात होता. जर्मनांना माल पुरवणारे कारखाने डॅनिश क्रांतिकारक उडवून देत. त्याचा सूड घ्यायला नाझींना मिळालेले काही डॅनिश लोकच पुढे झाले. लोकांना जे प्रिय, ते उद्ध्वस्त करायचं! जून १९४४मध्ये त्यांनी टिव्होलीत बॉम्बस्फोट घडवले. मैफलीचं मोठं सभागृह जळून गेलं. बागेत ना दारूगोळा होता, ना फौज. पाळणे, बँड आणि फुलझाडं होती. पण कोपनहेगनकर रडत बसले नाहीत. तात्पुरत्या इमारती उभारल्या, आणि काही आठवड्यांत बाग पुन्हा सुरू झाली. युद्ध संपायला अजून जवळजवळ वर्ष होतं, बरं का. आज दिसतं ते सभागृह १९५६चं.

तुम्ही कधी गेलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं, तेव्हा आईबाबांना आधीच सांगून ठेवा. आणि त्या जुन्या गाडीत बसताना ब्रेकवाल्याच्या जवळची जागा पकडा. पुढच्या डब्यासाठी सगळे धक्काबुक्की करतात, त्यांना करू द्या.