‘पक्का’वरचा हक्क

इंग्रजीने आपल्याकडून उचललेल्या शब्दांचा विषय निघाला की मी ‘पक्का’ सर्वांत आधी पुढे करायचो. बाकीची बहुतेक वस्तूंची नावं, हे विशेषण. म्हणजे इंग्रजांनी नुसता माल नेला नाही, माल पारखण्याची आपली रीतही नेली, असं माझं ठाम म्हणणं होतं. आता मी तसं म्हणत नाही.

मत फिरलं ते यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ चा अँग्लो-इंडियन शब्दकोश चाळताना. त्यात कच्चा आणि पक्का जोडीनेच भेटतात. उन्हात वाळवलेली वीट आणि भट्टीत भाजलेली, शिंप्याचे कच्चे टाके आणि कायमची शिवण. ताप आणि बदमाशसुद्धा कच्चे-पक्के! इथे मुरलेल्या गोऱ्याला ही जोडी आपल्याइतकीच कळत होती. त्याच्या कितीतरी आधी, जॉन फ्रायरच्या १६९८ च्या प्रवासवर्णनात, हा शब्द मणाच्या मापाला जोडून येतो. आपल्याकडेही कच्चा शेर, पक्का शेर होतेच.

पण विलायतेच्या बोटीत पक्का चढला आणि कच्चा बंदरावरच राहिला. तिथल्या रोजच्या बोलण्यात एकटा पक्का टिकला आणि त्याची जातच बदलली. मूळ संस्कृत ‘पक्व’, म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. आपला पक्का कशातून तरी गेलेला असतो. कालचा कच्चा गडी आज पक्का होऊ शकतो. ‘पक्का साहेब’ होण्याची सोय मात्र कोणा काळ्या माणसाला नव्हती. ऑर्वेलच्या ‘बर्मीज डेज’ (१९३४) या कादंबरीत ब्रह्मदेशातल्या गोऱ्यांचा क्लब आहे. तिथे हे दोन शब्द गोऱ्यांच्याच मानेवर जोखडासारखे बसलेले दिसतात.

पुढे लंडनच्या बोलीत पक्का म्हणजे झकास, एक नंबर. १९९९ मध्ये टीव्हीवर आलेल्या जेमी ऑलिव्हर या तरुण बल्लवाचार्याच्या तोंडी तो सतत असे. (गंमत म्हणजे इंग्रजी ‘कुक’ लॅटिनमार्गे ज्या आदिमुळाशी पोचतो, तेच आपल्या ‘पच्’ धातूचंही मूळ.) त्याचा कार्यक्रम पाहणाऱ्या लंडनकराला त्या शब्दात हिंदुस्थान ऐकू येत नसणार. का यावा? तीनशे वर्षं त्यांनी तो वापरला, वाकवला, आधी नासवला आणि मग पुन्हा हसराही केला. यात आपली कमाई कुठली?

माझ्या यादीतून ‘पक्का’ मी काढून टाकला. ‘लूट’ तेवढी ठेवली आहे. ती त्यांनी पचवली असली तरी.