मान लांबलेली रोपं

ऑगस्टमध्ये माझ्याकडे इचेव्हेरियाच्या, म्हणजे फुलासारखी जाड पानं रचलेल्या रोपाच्या, कुंड्या घेऊन लोक येतात आणि बहुतेकांच्या स्वरात कौतुक असतं. ‘बघा ना, दोन महिन्यांत केवढी वाढली!’ नर्सरीतून आणली तेव्हा पानाला पान चिकटलेलं, घट्ट; आता मधलं खोड बोटभर उघडं पडलंय, खालची पानं कुंडीच्या काठाकडे लोंबताहेत आणि रंग फिकट पोपटी. उंची वाढलीय खरी, पण रोप उपाशी आहे.

नवरात्रातला घट आठवा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पेरलेला गहू दसऱ्यापर्यंत चांगला उंच होतो, पण पिवळट आणि लुळा. उघड्या शेतात तेवढ्याच दिवसांचा गहू हिरवा, बुटका आणि ताठ असतो. उजेड कमी पडला की खोडातल्या पेशी लांबतात. ऊन सापडेल या आशेने रोप साठवणीतलं अन्न उंचीवर उधळतं. उजेड एकाच बाजूने येत असेल तर ऑक्सिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जमतं, तिथल्या पेशी जास्त ताणल्या जातात आणि रोप खिडकीकडे झुकतं. म्हणून दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची. त्याने रोप सरळ राहतं. लांबायचं मात्र थांबत नाही.

इचेव्हेरिया मुळात मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. अतानासिओ इचेव्हेरिया या अठराव्या शतकातल्या मेक्सिकन चित्रकाराचं नाव तिला 1828 साली मिळालं. त्या डोंगरांतलं ऊन प्रखर. आपल्या फ्लॅटमध्ये तिला द्यायला जागा कुठली, तर परदेशी व्हिडिओ सांगतात, दक्षिणेची खिडकी. लंडनला ते बरोबर आहे, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच. पुणे मात्र 18.5 अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा थेट ऊन जवळपास येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य 48 अंशांपर्यंत खाली येतो आणि ऊन पार हॉलमध्ये शिरतं. त्यामुळे एकाच कठड्यावरचं रोप जानेवारीत आटोपशीर दिसतं आणि जुलैत लांबुळकं. त्यात पावसाळा. थंड देशांत अंधाराचा मोसम गारठ्याचा असतो, रोप निदान गप्प बसतं. आपल्याकडे ढग, ऊब आणि ओली माती एकदमच येतात. वाढायला सगळं अनुकूल, फक्त ऊन नाही.

म्हणून जून लागला की मी आधी पाणी तोडते. पानं किंचित सुरकुतली तरच थोडं द्यायचं. खत पूर्ण बंद. कुंड्या पावसापासून आत, पण जिथून जास्तीत जास्त आकाश दिसतं अशा कडेला. तेही नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब वीतभर उंचीवर, रोज 12 ते 14 तास. महागडे जांभळे दिवे नकोत, त्यांनी घराची शोभाच जाते.

एकदा लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, ते कापावंच लागतं. पण रोप कुजत नसेल तर कापायला ऑक्टोबर उजाडू द्या. दमट हवेत जखम सुकत नाही. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने मुंडकं दोन बोटं खोडासकट उतरवायचं, कापलेली जागा सुकून टणक होईपर्यंत चार-पाच दिवस सावलीत ठेवायचं, मग खडी आणि विटांचा चुरा जास्त असलेल्या कोरड्या मातीवर बसवायचं. पाणी मुळं धरल्यावरच. खालचा खुंट टाकू नका. शेंडा गेला की त्याचा दाब जातो आणि खुंटावर पिल्लं फुटतात. पानांचीही रोपं होतात, फक्त पानफुटीसारखी कडेला नाही, तर बुडाशी. म्हणून पान अर्धवट तोडून चालत नाही, बुडासकट निघायला हवं. आणि नव्या मुंडक्याला ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ढकलू नका. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त, नाहीतर पानांवर भाजल्याचे डाग पडतात आणि ते कायमचे.

गोल निवडुंगाचा प्रश्न वेगळा. सावलीत त्याचा शेंडा निमुळता होतो, ऊन मिळाल्यावर वरचा भाग पुन्हा फुगतो आणि मधे कंबर राहते. ती जात नाही. मी तो कापत नाही. सुडौलपणाच्या हट्टापायी मोठी जखम कशाला? आणि इचेव्हेरियाच्या भाऊबंदांतलं ग्रॅप्टोपेटॅलम घेऊन आलेल्यांना मी कुंडी तशीच परत देते. त्याचं खोड चांगल्या उन्हातही लांबतं आणि लोंबतं. त्याला ब्लेड नको, टांगायला हूक द्या.