मीठ

शिरोड्यात आमचं घर मिठागरांपासून हाकेच्या अंतरावर. मार्च-एप्रिलच्या उन्हात मीठ धरलं की आजी मला सोबत घेऊन जायची. वर्षभराचं जाडं मीठ घरी यायचं, लोणच्याला आणि पावसाळ्यासाठी खारवायच्या बांगड्यांना. १९३० च्या सत्याग्रहात इथल्या मिठासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, ते सांगताना तिचा आवाज चढायचा. आम्हाला ताप आला की त्याच मिठाची आणि मोहरीची मूठ ओवाळून ती दृष्ट काढायची.

माझ्या मुलाचा ल्युकेमिया उलटला आणि डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलं, तेव्हा आजी नव्हती. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. लेकीचं जुळलं. देशातलं पहिलं असं प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, तेही नऊ वर्षांच्या मुलीवर, भावाची मज्जा देऊन. त्या मुलीच्या जिवावर मी किती रात्री काढल्या!

आधी जबर केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा मारली, मग ताईची मज्जा रक्त चढवतात तशी शिरेतून चढवली. तोंड आतून सोलवटलं, थुंकीही गिळवेना. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसभर चुळा भरायच्या. दर चुळीला तो माझ्या गाऊनची बाही घट्ट धरायचा. वर सलाईन टांगलेलं. त्यात लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ, आमच्या समुद्रात साधारण पस्तीस. मी ते आकडे घोळवत बसायचे.

पांढऱ्या पेशी वर आल्या, त्या ताईच्या. त्यांनी त्याच्याच शरीरावर उलटू नये म्हणून सायक्लोस्पोरिन चालू होतं. त्यानं रक्तदाब चढला आणि मीठ कमी करायला सांगितलं. किनाऱ्यावरच्या पोराला अळणी पेज! लोणचं बंद, खारा बांगडा बंद. “आये, हेका चवच नाय,” म्हणून तो वाडगा सरकवायचा. मग मीही त्याच्याबरोबर अळणीच जेवू लागले.

औषध हळूहळू उतरवत बंद झालं. लहानपणीच्या लसींचं संरक्षण जुन्या मज्जेबरोबर गेलं, म्हणून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. मिसरूड फुटू लागलेला हा पोरगा सरकारी दवाखान्यात कडेवरच्या बाळांच्या रांगेत बसायचा आणि रडणाऱ्यांना चाव्यांचा जुडगा वाजवून दाखवायचा. आता पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा लागतो, आणि मधला तुकडा कुणाचा यावरून ताईशी भांडण. परवा इतकं पेटलं की दोघांनाही ओरडावं लागलं.