नगरमध्ये पूर? जोक मारू नका!

मे महिन्यात मी साइटच्या उताराकडच्या बाजूला चर आणि शेवटी गाळ बसायला मोठा खड्डा मागितला, तेव्हा आमचे साहेब खो खो हसले. "अहो मॅडम, इथे टँकरवर बांधकाम चाललंय आणि तुम्हाला पुराची पडलीय!"

त्यांचंही खरंच. नगर (आता कागदोपत्री अहिल्यानगर) पर्जन्यछायेतलं. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, बस्स. पण हा पाऊस ईएमआयसारखा हप्त्याहप्त्यानं येत नाही ना! एकाच दणक्यात 50 मिलिमीटर पडला, तर आमच्या हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर 50 हजार लिटर पाणी. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, तेही फुकट! आणि ते मुरूम, वाळू, सिमेंटचा राडा घेऊन थेट खालच्या पत्र्याच्या घरांत.

नियम नाहीत असं नाही. बांधकामाच्या मलब्यानं गटार अडवायचं नाही, हे 2016 च्या नियमांतच आलं. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत 500 चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटला पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. सीनेसारख्या नदीला निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि लाल, शंभर वर्षांतल्या पुराची. आमच्या साइटमागच्या ओढ्याला मात्र कुठलीच रेषा नाही. त्याला विचारतो कोण?

माझी बाजू घेतली ती मुकादमांनी. "साहेब, हा तर आमच्या पाणलोटातला चर. हिवरे बाजारला डोंगरावर हेच केलंय की." हिवरे बाजार नगर तालुक्यातलंच. 1990 च्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना गावानं उतारावर चर खणून पाणी अडवलं, हे इथल्या पोरासोरांना माहीत. माझं ड्रॉइंग दोन आठवडे टेबलावर पडून होतं, मुकादमांचं एक वाक्य पुरलं! दीड दिवस जेसीबी, मुरमाच्या ढिगावर ताडपत्री, झालं काम.

जूनमधल्या एका संध्याकाळी तो दणका आला. खड्ड्यात चहासारखं पाणी, गाळ तळाला. समोरच्या साइटचा मुरूम मात्र गटारात बसला आणि गल्लीतली माणसं रात्री फावडी घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी खड्ड्यातलंच पाणी आम्ही मुरूम दाबायला मारलं. एक टँकर वाचला, तेव्हा कुठे साहेबांना चर आवडला.

आता नवा प्लॉट आलाय. जुन्या नकाशात त्यातून ओढा जातो, जागेवर सपाट मैदान. "पाइप टाकून देऊ," साहेब म्हणाले. मी विचारलं, "किती इंची?" उत्तर नाही. सध्या मोजणीच्या तारखेची वाट बघतोय.