जेसीबी, वारी आणि डीप फ्रीजर

शुक्रवार, 13 जून 2025

जाधववाडीच्या एका ताईंचा फोन. मुलाचा तिसरा वाढदिवस शनिवारी, 21 तारखेला. केक जेसीबीचाच हवा. आपल्याकडच्या पोरांना वाघ-सिंह नको असतात. मोशीपासून चाकणपर्यंत रस्त्यावर दिवसभर जे दिसतं तेच केकवर लागतं : डंपर, क्रेन, मिक्सर आणि सगळ्यांचा राजा जेसीबी. दोन किलो, चॉकलेट, बिनअंड्याचा, वरून फॉन्डंट.

तारीख मात्र अडचणीची. 18 ला देहूहून तुकोबांची पालखी निघणार, 19 ला आळंदीहून माउलींची. परभणीहून यांच्या आत्याबाई आणि दोन काका 17 च्या रात्री येतायत, 20 ला पहाटे दिंडीबरोबर जातील. त्या दिवसांत ओटा माझा नाही. पिठलं-भाकरीच्या वाफेत फॉन्डंट लाटणं शक्य नाही, आणि वाटा बंद झाल्यावर ऐनवेळी काही आणायला भोसरीला पळणंही नाही. म्हणजे मंगळवारपर्यंत सजवून पुरा करायचा आणि गोठवायचा. हो म्हणून टाकलं.

शनिवार, 14 जून

आज फक्त जेसीबी. पिवळ्या फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर मळली म्हणजे गोळा ताठ होतो, बकेटचे दात धरतात. सीएमसी जास्त पडली की कडेला भेगा पडतात, म्हणून चिमटीचिमटीने घातली. पुढचा हात वेगळा केला, आत टूथपिक. हा ऐवज फ्रीजरमध्ये जाणार नाही. कोरडी, कडक केलेली वस्तू गोठवून बाहेर काढली की ओल पिते आणि हात खाली लोंबतो. तो डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कपाटाच्या वरच्या फळीवर. हवा आत्ताच अशी आहे की मिठाच्या बरणीत चमचा अडकतोय. यंदा पाऊस मेमध्येच आला.

केकच्या क्लासमध्ये पहिलं वाक्य घोकून घेतात : फॉन्डंटला फ्रीज चालत नाही. मग सगळ्या जणी घोकतात. मला ते अर्धवट वाटतं. गारठ्याने फॉन्डंटचं काही बिघडत नाही. फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, थोडं ग्लुकोज, थोडं ग्लिसरीन, डिंक. बिघडवते ती बाहेरची हवा. गार पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो तसा गार केकही घामेजतो, आणि साखर तो घाम पिऊन चिकट होते. तेव्हा सांभाळायचं असतं ते बाहेर काढताना. या गोष्टीवर क्लासमध्ये कोणी पाच मिनिटं घालवत नाही.

रविवार, 15 जून

स्पंज झाले. कंडेन्स्ड मिल्क आणि दही, आठ इंची तीन. गार झाल्यावर लगेच प्लास्टिकमध्ये बांधले. नुसत्या फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर स्पंज लवकर शिळा होतो, कारण स्टार्च त्याच तापमानाला झपाट्याने आखडतो. उणे 18 ला ते जवळपास थांबतं. एवढं कळलं की "फ्रीजमध्ये ठेवू की फ्रीजरमध्ये" हा प्रश्न पडत नाही.

संध्याकाळी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडल्याची बातमी. आपलीच नदी, वरच्या अंगाला. त्यानंतर कामात लक्ष लागलं नाही.

सोमवार, 16 जून

गनाश. डार्क चॉकलेट 500 ग्रॅम, क्रीम 250. पांढऱ्या चॉकलेटला हेच प्रमाण चालत नाही, तिथे क्रीमच्या तिप्पट चॉकलेट लागतं.

आत विप क्रीम घालायचा आग्रह होता. "आम्हाला हलका आवडतो" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. नाही म्हटलं. विप क्रीममध्ये पाणी असतं, ते फॉन्डंटला खालून भिजवतं. वर अननसाचे तुकडे असले तर गोठताना फळाच्या पेशी फुटतात आणि वितळताना सगळा रस बाहेर. गोठवायचा केक गनाश नाहीतर बटरक्रीमचाच. ताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." माझ्या गिऱ्हाइकांमध्ये हे वाक्य दुर्मीळ आहे.

मंगळवार, 17 जून

सकाळी सहाला बेडरूमचा एसी लावून तिथेच टेबल मांडलं. फॉन्डंट तीन-चार मिलिमीटरचा लाटला. पातळ केला तर गनाशचा खडबडीतपणा वर दिसतो, जाड केला तर मुलं सोलून बाजूला ठेवतात. लाटताना कॉर्नफ्लोअर कमीत कमी. त्याचे ठिपके राहिले तर वितळताना नेमके तेच पांढरे डाग उठून दिसतात. रंग हलके ठेवले : आकाशी खालचा पट्टा, मातीचा तपकिरी ढीग, मधे पिवळा फलक. गडद लाल आणि काळा मुद्दाम टाळला, ओल लागली की हेच रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतात.

मग गुंडाळणं. आधी केक उघडाच तासभर फ्रीजमध्ये, पृष्ठभाग आवळून यावा म्हणून. मग पुठ्ठ्याचा खोका, घट्ट बसेल असा, आत मोकळी हवा जितकी कमी तितकी बरी. खोक्याला बाहेरून क्लिंग फिल्मचे दोन वेढे, तळासकट, त्यावर फॉइल. मग डीप फ्रीजर. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा वरचा कप्पा यासाठी मला पटत नाही. बर्फ साचू नये म्हणून तो मधेमधे स्वतःला गरम करतो आणि तापमान वरखाली होतं. एकदारी फ्रीजच्या बर्फकप्प्याचं तर नावच नको, तिथे खोका मावतही नाही.

रात्री पाहुणे आले.

बुधवार, 18 जून

आत्याबाईंनी आइसक्रीमच्या शोधात डीप फ्रीजर उघडला. "कामून ठिवलं गं बाई याला बर्फात?" सांगितलं. मग खरा प्रश्न आला : "अंडं न्हाई ना?"

"नाही आत्याबाई. जिलेटीनपण नाही."

जिलेटीन कशाचं हे विचारल्यावर जनावराच्या हाडा-कातड्याचं असं सांगावं लागलं, आणि त्यांनी झाकण पटकन लावलं. ज्यांना घरी मार्शमॅलो वितळवून फॉन्डंट करायची सवय आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. तयार फॉन्डंटच्या डब्यावर हिरवा ठिपका बघूनच घ्यावं, विशेषतः या महिन्यात. रॉयल आयसिंगचंही तसंच, मूळ कृती अंड्याच्या पांढऱ्याची. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी ते अंड्याशिवाय करून त्यातून कमानी आणि मनोरे उभे केले, तेव्हा शाकाहारी केकवाल्या बायकांना हक्काचं उदाहरण मिळालं. आत्याबाईंना फोटो दाखवला. "ह्ये खायाचं?" एवढंच म्हणाल्या.

गुरुवार, 19 जून

सगळे आळंदीला. मी घरी, कारण दुपारी पावसात वीज गेली. पूर्ण भरलेला डीप फ्रीजर झाकण न उघडता साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून मी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. झाकणावर चिकटपट्टी मारली आणि "उघडू नये" असं लिहिलं. साडेचारला वीज आली.

शुक्रवार, 20 जून

पहाटे पाहुणे निघाले. दशम्या बांधून दिल्या.

सकाळी नऊला खोका डीप फ्रीजरमधून फ्रीजमध्ये. वेष्टन तसंच, हात लावायचा नाही. दोन किलोचा केक आतपर्यंत सुटायला पूर्ण दिवस-रात्र जाते, बाहेरून मऊ लागला तरी मधला स्पंज दगड असतो. बाहेर ठेवून दोन तासांत उरकणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्याकडून फोनही येतात.

शनिवार, 21 जून

सकाळी नऊला खोका फ्रीजमधून एसीच्या खोलीत, गुंडाळलेलाच. फॉइल काढली. दहा मिनिटांत क्लिंग फिल्मवर थेंब जमले, तळाशी चक्क ओघळ. सगळं पाणी बाहेरच्या बाजूला. यासाठीच तर वेष्टन असतं.

मनात हिशेब होता. 27 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत 24 अंशांपेक्षा गार असलेली कोणतीही वस्तू घामेजते. एसीच्या खोलीत 25 अंश, आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास असेल तर ती सीमा 15 वर येते. म्हणजे केक निम्म्या वाटेतच उघडता येतो. गंमत म्हणजे मेच्या रखरखीत दुपारी, 38 अंशांत, ही सीमा 11-12 असते. उन्हाळ्यात गनाश सांभाळावं लागतं, पावसाळ्यात फॉन्डंट.

थेंब आपोआप सुकले तेव्हा एक वाजला होता. मग फिल्म कापली, खोका उघडला. आकाशी पट्ट्यावर मागच्या बाजूला नखाएवढी चकाकी, तिथे ओल पोचली होती. अशा वेळी पुसायचं नाही, टिश्यू लावायचा नाही, बोट तर मुळीच नाही, ठसा उमटतो तो जात नाही. पंखा लांबून लावून ठेवला. अर्ध्या तासात चकाकी गेली, पृष्ठभाग पुन्हा निस्तेज झाला. डब्यातून जेसीबी काढला, हात बसवला. बकेटमध्ये बिस्किटाचा चुरा, माती म्हणून.

ताईंचे मिस्टर चाकणची पहिली पाळी करून तसेच गाडी घेऊन आले. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या : गाडीत एसी चालू ठेवा, आणि हॉलवर पोचल्यावर केक फ्रीजमध्ये ठेवू नका. दुसरीवर ते चकित झाले.

रात्री ताईंचा फोन. अर्धा किलो उरलाय. तुकडे करून एकेक फिल्ममध्ये बांधा, फ्रीजरमध्ये टाका, महिनाभर चालतील, असं सांगितलं. जेसीबीचं विचारलं तर म्हणाल्या, चाकं गेली, बकेटवर भांडणं चालू आहेत.

त्यांच्या जावेचीही ऑर्डर आली, ऑगस्टसाठी. स्पायडरमॅन, लाल आणि काळा. ताजाच करून देईन, पण आदल्या रात्रीच न्यावा लागेल, असं कळवलंय.